दहा रुपयांची बंदूक आणि असईचं मैदान

आज आपण जालना जिल्ह्यात जाणार आहोत. भोकरदनजवळ केळना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला इथे दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली. समोरचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

या लढाईचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "इंग्रजांकडे आधुनिक हत्यारं होती हो, आपल्याकडे कुठे?" मला हे वाक्य पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी आधी आग्र्याला जावं लागेल.

महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये द बॉयन नावाच्या सॅव्हॉयच्या माणसाला नोकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या करायला लावल्या. पलटणी म्हणजे हजारो बंदुका. त्या आणायच्या कुठून? युरोपातून आणायच्या तर किंमत अफाट, आणि समुद्रावर बसलेत इंग्रज. मग आग्र्याला कारखाना निघाला. तो चालवायला होता सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस. तिथे तोफा ओतल्या जायच्या आणि बंदुकाही बनायच्या. युरोपी बंदुकीच्या तोडीची एक बंदूक साधारण दहा रुपयांत पडायची, अशी नोंद आहे. दहा रुपये म्हणजे किती? कंपनीच्या शिपायाचा पुढची कित्येक वर्षं महिना सात रुपये पगार होता. म्हणजे दीड महिन्याचा पगार!

हे जमलं कसं? बंदूक म्हणजे तीन गोष्टी: नळी, लाकडी दस्ता आणि ठिणगी पाडणारी कळ. लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, ठोकून नळी करण्यात आपले लोहार पिढ्यान्‌पिढ्या तरबेज होते. तोड्याच्या बंदुकांच्या नळ्या तेच तर करत होते. दस्ता सुताराचं काम. खरी कसोटी होती चकमकीच्या कळीची. तिची स्प्रिंग जास्त कडक झाली तर तुटते, मऊ राहिली तर ठिणगी पडत नाही. नमुना समोर ठेवून, कानशीने घासून घासून एकेक कळ बसवायची. एका बंदुकीचा भाग दुसरीला सहज बसत नसे, पण तेव्हा युरोपातही बहुतेक ठिकाणी हीच तऱ्हा होती. (काही जण या बंदुकांना रायफल म्हणतात. रायफलच्या नळीला आतून पीळ असतो, यांची नळी आतून गुळगुळीत होती. इंग्रजांचीसुद्धा.)

आता परत असईला येऊ. वेलस्लीला केळनेचा उतार सापडत नव्हता. नदीच्या अलीकडे एक गाव, अगदी समोर पलीकडे दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं, दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये पायवाट असणारच. तो तिथून उतरला. पण इकडे शिंद्यांच्या पायदळाचा हॅनोव्हेरियन अधिकारी पोलमन याने आपली सगळी रांग काटकोनात फिरवून त्याच्यासमोर उभी केली. घाईत, आणि तरी शिस्तीत. हे काम कवायत न मुरलेल्या फौजेचं नव्हे.

मग तोफा सुरू झाल्या. इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल मेले, गोलंदाज मेले, तोफा गप्प झाल्या. ७४ व्या हायलँडर पलटणीचे जवळजवळ चारशे लोक मेले किंवा जखमी झाले. इंग्रजी रांग पुढे सरकली तेव्हा आपले काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले. शत्रू पुढे गेल्यावर ते उठले आणि त्याच्या पाठीवर मारा सुरू केला. बाकीचे तोफ सोडून हललेच नाहीत, संगिनींनी तिथेच भोसकले गेले. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, पोलमनचं मात्र सगळ्यांना ठाऊक.

इंग्रजांचे ४२८ ठार आणि ११०० हून अधिक जखमी झाले. आपल्या ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. आणि माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा पुढेच आहे: वेलस्लीने पत्रात लिहिलं की टिपूच्या तोफा आम्हाला कधी वापरता आल्या नाहीत, पण शिंद्यांच्या इतक्या चांगल्या आहेत की आमच्या फौजेत चालतील.

मग हरलो कशाने? हत्यार आपलं होतं, ते चालवणारे हात आपले होते, पण हुकूम देणारे पगारी परके होते. लढाईच्या आधीच, ऑगस्टमध्ये, गव्हर्नर जनरलने जाहीर केलं की मराठ्यांकडच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोकरी सोडावी, आम्ही त्यांची सोय करू. बरेच जण गेले. द बॉयनच्या जागी आलेला पेरॉन सप्टेंबरमध्येच उत्तरेत इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पोलमन असईला लढला, पण पुढे तोही कंपनीच्या नोकरीत दिसतो. शिंदे-भोसल्यांचं हजारोंचं घोडदळ तर बहुतेक वेळ बघत उभं होतं. दहा रुपयांत बंदूक बनवायला आपण शिकलो, पण पलटण हाकणारा आपला माणूस तयार करायला वीस वर्षांत शिकलो नाही. राग येतो तो याचा.

ऑक्टोबर १८०३ मध्ये आग्र्याचा किल्ला जनरल लेकने घेतला. कारखानाही गेला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावच्या तहावर शिंद्यांच्या सह्या झाल्या. त्या तहात काय काय गेलं, ते पुढच्या भागात.