विनोदी मालिकेचा प्रेक्षक आणि त्याची स्मरणशक्ती

ठरावीक पात्रे, ठरावीक जागा आणि साधारण अर्ध्या तासाचा, आपल्यापुरता पूर्ण असलेला भाग अशी मांडणी असलेल्या विनोदी मालिकेला अमेरिकेत सिटकॉम म्हणतात, आणि हा प्रकार मुळात विस्मरणावर उभा होता. भागाच्या आरंभी संसाराची किंवा कचेरीची घडी विस्कटावी आणि शेवटी ती पूर्ववत बसावी, म्हणजे मागचे काहीही न पाहिलेला माणूस पुढच्या आठवड्यात निःशंकपणे टीव्हीसमोर बसू शकेल, ही रचना रेडिओच्या काळापासून चालत आलेली होती. नायिकेचे माहेर कुठले, तिच्या शेजाऱ्याने कधीकाळी कोणती नोकरी केली होती, याचा हिशेब लेखक फारसा ठेवत नसत, कारण तो तपासणारा कोणी असेल असे त्यांना वाटतच नव्हते.

हा तपासनीस जन्माला आला तो फेरप्रक्षेपणामुळे. सीबीएसवर 1951 ते 1957 या काळात चाललेली ‘आय लव्ह ल्युसी’ ही मालिका, तत्कालीन प्रघात मोडून, 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली. मुख्य भूमिका करणाऱ्या ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ या दांपत्याला थेट प्रक्षेपणासाठी हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचे नव्हते, आणि थेट प्रक्षेपणाची पडद्यावरून टिपलेली प्रत फारच अंधुक दिसे. फिल्म टिकली, म्हणून भाग पुन्हा दाखवता आले, आणि पुन्हा दिसल्यामुळेच शेजारीण एथेल मर्ट्झ हिचे मधले नाव वेगवेगळ्या भागांत लुईझ, रॉबर्टा आणि मे असे तीनदा बदलल्याचे उघड झाले. पुढे जुने भाग स्थानिक वाहिन्यांना विकण्याचा, म्हणजे सिंडिकेशनचा, व्यवसाय भरभराटीला आला आणि आठवड्यातून एकदा दिसणारी मालिका रोज संध्याकाळी दिसू लागली. मुळात वर्षांच्या अंतराने आलेले भाग दिवसांच्या अंतराने दिसू लागले, त्यामुळे प्रेक्षकाची स्मृती लेखकाच्या स्मृतीपेक्षा लांब झाली. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघरी येऊ लागलेल्या व्हिडिओ रेकॉर्डरने त्या स्मृतीला पुराव्याची जोड दिली.

सुरुवातीचे आक्षेप तपशिलांचे होते. ‘बिविच्ड’मध्ये नायकाची भूमिका करणारा नट 1969 साली बदलला आणि मालिकेतल्या एकाही पात्राने त्याची दखल घेतली नाही. 1974 साली सुरू झालेल्या ‘हॅपी डेज’मधला थोरला मुलगा चक तर दुसऱ्या हंगामानंतर नाहीसाच झाला, आणि कनिंगहॅम कुटुंबाला जणू पहिल्यापासून दोनच मुले होती. अशा बेपत्ता पात्रांच्या प्रकाराला आजही चकचेच नाव दिले जाते.

नात्यांचा प्रश्न मात्र तपशिलांपेक्षा जिव्हाळ्याचा ठरला. ‘ऱ्होडा’ या मालिकेतील नायिकेचे लग्न ऑक्टोबर 1974 मध्ये कोट्यवधी अमेरिकनांनी घरच्या कार्यासारखे पाहिले होते. सुखी संसारातून विनोद निघेना, म्हणून तिसऱ्या हंगामात लेखकांनी त्या दांपत्याला विभक्त केले, तेव्हा मालिका लोकप्रियतेच्या पहिल्या दहांतून बाहेर फेकली गेली. त्यातून धडा घेतला असो वा नसो, 1982 मध्ये आलेल्या ‘चिअर्स’ने सॅम आणि डायन या नायक-नायिकेचे प्रेम पाच हंगाम लोंबकळत ठेवले. मागच्या भांडणाची आठवण नसेल तर पुढचे भांडण कळणारच नाही, अशी ही गोष्ट असल्यामुळे सिटकॉमला स्वतःहून विस्मरणाचा करार मोडावा लागला.

याच ‘चिअर्स’मधील फ्रेझर क्रेन या मानसोपचारतज्ज्ञाने आपले शास्त्रज्ञ वडील वारल्याचे सांगितले होते, पण 1993 साली त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका निघाली, तेव्हा वडील जिवंत निघाले, तेही सिअ‍ॅटलचे निवृत्त पोलीस. लेखकांना अभिरुचीसंपन्न मुलगा आणि रोखठोक बाप यांचा झगडा हवा होता, आणि विनोदाच्या दृष्टीने तो निर्णय निःसंशय योग्य होता. 1995 मध्ये सॅम पाहुणा म्हणून आला असता ही विसंगती त्याच्याच तोंडून उपस्थित केली गेली आणि वडिलांशी भांडण झाल्यामुळे आपण तसे बोललो, असा खुलासा फ्रेझरने केला. चूक स्वभावाला शोभेल अशा रीतीने निस्तरली, तर चोखंदळ प्रेक्षकही ती पदरात घेतो.

‘फ्रेंड्स’च्या (1994–2004) चाहत्यांनी रॉस या पात्राचे वय सलग तीन हंगाम 29 वरच थांबल्याचे शोधून काढले, पण त्यावर कोणी हमरीतुमरीवर आले नाही. वाद पेटला तो फेब्रुवारी 1997 मधील भागावरून, ज्यात त्याची प्रेयसी रेचेल नात्यातून काही काळ विराम घेऊ म्हणते आणि त्याच रात्री रॉस दुसऱ्या स्त्रीकडे जातो. विराम म्हणजे शेवट की स्थगिती, या प्रश्नावर दोन पक्ष पडले आणि दोघेही तोच प्रसंग साक्षीला काढू लागले. लेखकांनी निवाडा न देता, तेव्हा विराम चालू होता, ही रॉसची सबब शेवटच्या भागापर्यंत पुन्हा पुन्हा वापरली, आणि हा त्यांचा शहाणपणा म्हटला पाहिजे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘द सिम्पसन्स’ या अ‍ॅनिमेटेड सिटकॉमने याच्या उलट केले. मुख्याध्यापक स्किनर हा तोतया असून त्याचे खरे नाव आर्मिन टॅमझेरियन आहे, असे त्या भागात उघड होते, आणि शेवटी न्यायाधीश हुकूम देतो की सर्व पूर्ववत समजावे व याचा कोणी उल्लेखही करू नये. जुन्या सिटकॉमच्या विस्मरणाचेच ते विडंबन होते. बदल न सोसणाऱ्या समाजावर आपला रोख होता, असे लेखक केन कीलर यांचे समर्थन आहे. ते तर्काला धरून असले, तरी पात्राला आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीही या भागावर कडक टीका केली, आणि चाहत्यांचा रागही समजण्यासारखा होता: आठ वर्षांत जमलेल्या ओळखीचीच त्यात थट्टा झाली होती.

‘हाउ आय मेट युअर मदर’च्या कर्त्यांनी उलट सुसंगतीसाठीच किंमत मोजली. आई कशी भेटली याची नायकाने सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्या त्याच्या मुलांची भूमिका करणारे नट मोठे होतील, म्हणून शेवटच्या प्रसंगातला त्यांचा भाग आरंभीच्या हंगामांतच टिपून ठेवला गेला, पण नऊ वर्षांत पात्रे त्या शेवटापासून दूर गेली. मार्च 2014 मध्ये मुलांची आई मरण पावल्याचे आणि नायक पुन्हा रॉबिन या जुन्या प्रेयसीच्या दारी गेल्याचे दाखवले गेले, तेव्हा इतका असंतोष उसळला की डीव्हीडीवर आई जिवंत राहणारा दुसरा शेवटही देण्यात आला, आणि यातला खरा कोणता यावर चाहते आता नव्याने भांडत आहेत.