वायूचा गळा कुठे आवळतो?

आज एका भोकाची गोष्ट. हसू नका, खरंच.

मी आता कोड लिहितो, पण बीटेक केमिकलचं. इंटर्नशिपला एका कारखान्यात मला व्हॉल्व्ह साईझ करायला दिला होता. डिस्टिलेशन कॉलमच्या वरून वाफ निघते, कंडेन्सरमध्ये तिचं द्रव होतं. जो वायू काही केल्या द्रव होत नाही, तो कंट्रोल व्हॉल्व्हमधून फ्लेअरकडे सोडायचा. कॉलमचं प्रेशर तोच व्हॉल्व्ह सांभाळतो. मी पाण्याचं सूत्र लावलं, घनता ड्रममधल्या वायूची घातली, उत्तर काढलं, खूश! साहेबांनी कागद पाहिला. “अरे, हे पाणी नाहीये.”

माझी चूक समजायला 1839 च्या फ्रान्समध्ये जावं लागतं. सां-व्हेनां आणि वांत्झेल हे दोघे भोकातून सुटणाऱ्या हवेचं गणित मांडत होते. (हाच तो वांत्झेल, ज्याने दोन वर्षं आधी सिद्ध केलं की नुसत्या पट्टी-कंपासने प्रत्येक कोनाचे तीन समान भाग करता येतीलच असं नाही. गेला बिचारा 33 व्या वर्षी.) पलीकडचं प्रेशर कमी केलं की प्रवाह वाढतो, बरोबर? त्यांच्या सूत्रात तो आधी वाढायचा, मग चक्क घटायचा, आणि पलीकडे निर्वात पोकळी असेल तर शून्य! म्हणजे अंतराळात टायर पंक्चर झाला तर हवा बाहेरच येणार नाही. असा बग आला की आपण लायब्ररीला शिव्या घालतो. त्यांनी प्रयोग केले. प्रवाह घटत नाही, एका मर्यादेवर अडकून राहतो. कारण भोकातलं प्रेशर ठराविक पातळीखाली उतरतच नाही. हवेसाठी ती अलीकडच्या प्रेशरच्या सुमारे 0.53 पट. आज आपण म्हणतो प्रवाह ‘चोक’ झाला. वायूने ध्वनीचा वेग गाठला, आता पलीकडची बातमी मागे पोचतच नाही.

पुढे 1880 मध्ये अमेरिकेतल्या मार्शलटाउनला विल्यम फिशरने पंपाचं प्रेशर आपोआप स्थिर ठेवणारा गव्हर्नर बनवला. 1944 मध्ये मेसोनिलन कंपनीने सी-व्ही आणला: 1 पीएसआय फरकाला व्हॉल्व्हमधून मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जातं. सुटसुटीत आकडा, पण पाण्याचा.

माझं उदाहरण घ्या. ड्रममध्ये 10 बार, फ्लेअरकडे 1.2, दोन्ही अ‍ॅब्सोल्यूट. मी फरक धरला 8.8. पण ग्लोब व्हॉल्व्हचा एक्स-टी 0.7 असेल, तर नायट्रोजनसारखा वायू 7 बारलाच चोक होतो. शिवाय वाटेत तो फुगतो, घनता पडते, म्हणून सूत्रातला विस्तार-गुणक तिथे 2/3 वर येतो. गुणून बघा: माझ्या व्हॉल्व्हमधून गरजेच्या सुमारे 60 टक्केच वायू गेला असता. उरलेला कॉलममध्ये साठणार, प्रेशर चढणार, शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडणार.

मग घाबरून मी चौपट मोठा निवडला. साहेब पुन्हा हसले. म्हणाले, “हा जेमतेम उघडेल आणि दिवसभर उघड-झाप करत बसेल.”