पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली राखाडी

नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये चाचांनी आमच्या पांढऱ्या फियाटच्या दारावर पाण्याचा पेपर घासायला घेतला. थोड्या वेळाने पांढऱ्याखालून निळा निघाला, निळ्याखालून राखाडी.

"बोल बेटा, यातला कुठला मारू?"

मला उत्तर सुचेना. गाडी 1972 ची, फियाट 1100 डिलाइट. आजोबांनी ती 1981 मध्ये जुनी घेतली. घरातल्या सगळ्या फोटोंत ती पांढरीच आहे.

जुनी घेतली, कारण नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. 1964 मध्ये डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि तीच गाडी थोड्याफार बदलांनी शतक संपेपर्यंत बनत राहिली. नवी मिळणं इतकं अवघड म्हटल्यावर जुनी जगवणं ही गरजच होती. 'डेंटिंग-पेंटिंग' हा शब्द त्या गरजेचा. इंग्रजीच्या हिशोबाने डेंटिंग म्हणजे पोचे पाडणं. आपल्याकडे मात्र पोचे काढणं.

गॅरेजमधला दुसरा शब्द म्हणजे 'ड्युको'. शंभर वर्षांपूर्वी गाडीला ब्रशने वार्निशचे हात मारायचे आणि सगळं काम वाळून पुरं व्हायला आठवडे जायचे. ड्यूपाँ कंपनीने ड्युको नावाचा, फवारून मारायचा आणि झटपट वाळणारा रंग आणला. 1924 च्या ऑकलंड गाड्यांवर तो दिसला आणि रंगीत गाड्यांचे दिवस आले. त्याच्या मुळाशी होतं नायट्रोसेल्युलोज. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या बिनधुराच्या दारूत वापरलेलं हेच रसायन. आज गाडीचा रंग वेगळ्या रसायनाचा असतो, पण ड्युको हे नाव टिकलं. आपल्याकडे सुतारसुद्धा कपाटाला ड्युको मारतात.

पण चाचांना रंगापेक्षा पत्र्याची काळजी होती. या फियाटला वेगळी चासी नाही. जमीन, दाराखालची पट्टी, छत असा सगळा पत्रा मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. पावसाचं पाणी मॅटखाली साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. त्यावर नुसती लांबी भरून रंग मारला, तर गाडी चकचकीत दिसेल आणि धडकेत दुमडेल. म्हणून सडलेला भाग कापायचा, त्याच मापाचा तुकडा वेल्ड करायचा, हातोडी आणि डॉलीने सारखा करायचा, प्रायमर मारायचा. लांबी शेवटी, आणि तीही पातळ.

इथे कायदा आडवा येतो. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि एकदा नोंदवली, की रोजच्या वापराला बंदी. फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची.

मी इंजिनियर. माझ्या डोक्यात 'ओरिजिनल' म्हणजे पहिली आवृत्ती, म्हणजे राखाडी. व्हिंटेजचा नंबर आणि कारखान्याचा रंग असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. घरी आजीला फोटो दाखवला.

"राखाडी होय? तो पहिल्या मालकाचा असेल. आम्ही घेतली तेव्हा निळी होती. पांढरा मी सांगितला, उन्हात कमी तापते म्हणून."

मग म्हणाली, "रंग कुठलाही द्या. पण मला सारसबागेला नेणार आहात ना?"

तिथेच माझं ठरलं. सगळ्यात खालचा थर सगळ्यात खरा, हे मी धरूनच चाललो होतो. पण राखाडी गाडी आमच्यापैकी कुणी पाहिलेलीच नाही. आमच्या घराचा इतिहास वरच्या थरात होता, आणि तो चालू ठेवायचा तर गाडी रस्त्यावर हवी. व्हिंटेजचा अर्ज मी भरला नाही. साधी नोंदणी ठेवली, दर पाच वर्षांनी आरटीओची फेरी मान्य केली.

गाडी पुन्हा पांढरी झाली. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढी जागा चाचांनी माझ्या सांगण्यावरून तशीच ठेवली. पांढरा, निळा, राखाडी अशा तीन कडा तिथे दिसतात, वर फक्त पारदर्शक कोट आहे.

रविवारी आजी पुढच्या सीटवर बसली. काच खाली करताना हँडल नेहमीसारखं अडलं. ते दुरुस्त करायचं मी विसरलो होतो.