इंजिनाची साक्ष : कॅलिफोर्नियातील धूरतपासणी आणि दोषसंकेतांचा इतिहास

मोटारीतील ‘चेक इंजिन’चा दिवा आणि धूरतपासणी यांचा आज जो घट्ट संबंध दिसतो, त्याची मुळे लॉस एंजलिसच्या हवेत आहेत. १९४३ च्या जुलैत या शहरावर डोळ्यांना झोंबणारे दाट धुरके पसरले आणि त्याचा दोष प्रथम कारखान्यांवर गेला. पण १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलटेक या संस्थेतील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले, की अर्धवट जळलेल्या इंधनातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले म्हणजे ओझोन तयार होतो आणि या द्रव्यांचा मोठा पुरवठा मोटारींकडून होतो. १९६७ साली राज्यात हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांच्याकडेच आले.

१९७० च्या संघीय स्वच्छ हवा कायद्याने उत्सर्जनात नव्वद टक्के कपात मागितल्यावर १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे रासायनिक रूपांतर करणारे उपकरण, बसू लागले. त्याची पुढची, तीनही प्रकारच्या प्रदूषकांवर काम करणारी आवृत्ती मात्र इंधन व हवा यांचे प्रमाण अगदी नेमके असेल तरच नीट चालते, आणि ते प्रमाण कार्ब्युरेटरच्या स्क्रूने राखणे शक्य नव्हते. म्हणून धुरातील प्राणवायू मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आला, त्याचे संदेश वाचून इंधन कमीजास्त करणारा संगणक आला, आणि १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या अमेरिकेतील जवळपास सर्व प्रवासी गाड्यांत तो पोहोचला. दोषसंकेत, म्हणजे संगणकाने बिघाडाची नोंद म्हणून स्मृतीत ठेवलेला क्रमांक, हे या बदलाचे अपत्य होय. त्या काळी जोडणीतील ठरावीक दोन टोके तारेने जोडली, की दिवा लुकलुकून क्रमांक सांगे आणि मेकॅनिक ती लुकलुक मोजत असे. परंतु प्रत्येक कंपनीची जोडणी व क्रमांक वेगळे होते.

कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने १९८८ च्या मॉडेलांपासून गाडीने स्वतःची तपासणी करण्याची सक्ती केली. ‘ओबीडी’ हे संक्षिप्त नाव या अंतर्गत निदानव्यवस्थेचेच. तिचा पहिला अवतार मुख्यतः तुटलेली तार किंवा निकामी सेन्सर ओळखी. झिजलेला कन्व्हर्टर त्याच्या लक्षात येत नसे. १९८९ मध्ये मंजूर झालेल्या, १९९४ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या आणि १९९६ पासून देशभरातील नव्या हलक्या गाड्यांना बंधनकारक ठरलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही उणीव भरून काढली. सोळा पिनांची एकसारखी जोडणी आणि पाच चिन्हांचे सामायिक संकेत ठरले, आणि बहुतेक घटकांच्या बाबतीत उत्सर्जन प्रमाणमर्यादेच्या सुमारे दीडपट होण्याच्या बेतात असले की दिवा लागलाच पाहिजे, असा दंडक आला.

कॅलिफोर्नियात ‘स्मॉग चेक’ ही नियतकालिक सक्तीची तपासणी १९८४ पासून सुरू होती आणि ती सायलेन्सरच्या तोंडाशी नळी धरून होत असे. गाडीची स्मृतीच वाचता येऊ लागल्यावर तपासणीचे स्वरूप पालटले, आणि २०१५ पासून या राज्यात २००० व त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांची नळीने होणारी चाचणी थांबून संगणकाची साक्ष प्रमाण मानली जाऊ लागली. साक्ष पुसता येत होती, ही मात्र या पद्धतीची जुनी अडचण होती. चाचणीच्या आदल्या दिवशी स्कॅनरने संकेत पुसला अथवा बॅटरीची तार काढली, की दिवा विझे. त्यावर उपाय म्हणून ‘रेडिनेस मॉनिटर’, म्हणजे कोणत्या घटकाची स्वयंतपासणी पूर्ण झाली आहे हे सांगणाऱ्या नोंदी, ओबीडीच्या दुसऱ्या आवृत्तीत आरंभापासूनच ठेवल्या होत्या. संकेत पुसला की याही नोंदी कोऱ्या होतात आणि ठरावीक तऱ्हेने गाडी चालवल्याविना भरत नाहीत. पुढे २०१० च्या सुमाराच्या गाड्यांपासून स्कॅनरने पुसता न येणारे कायम संकेत आले.

या नियमांमुळे चाचणीपूर्व निदान हे गॅरेजचे स्वतंत्र कौशल्य बनले. संकेत लक्षण सांगतो, दोषी भाग दाखवत नाही. पी०४२० हा संकेत कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो: कन्व्हर्टर निरोगी असेल तर त्याच्या मागच्या सेन्सरचा संदेश जवळपास स्थिर राहतो, आणि तोही पुढच्या सेन्सरसारखा वरखाली होऊ लागला की संगणक ही नोंद करतो. तथापि धुराच्या नळीतील गळतीमुळेही हाच आभास होतो, आणि कन्व्हर्टर खरोखर जळला असला तरी मुळाशी एखाद्या सिलिंडरचा मिसफायर असू शकतो. तो न शोधता महागडा कन्व्हर्टर बदलल्यास नवाही जळतो. म्हणून जाणता तंत्रज्ञ बिघाडाच्या क्षणी संगणकाने टिपलेली इंजिनाची गती, तापमान आणि भार आधी वाचतो, दुरुस्ती करतो आणि मॉनिटर भरल्यावरच गाडी चाचणीला पाठवतो.

भारतात चारचाकींसाठी ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये भारत स्टेज चारबरोबर आणि दुसरा २०१३ मध्ये आला. पण महाराष्ट्रासह देशभर रस्त्याकडेला होणारी ‘पीयूसी’ तपासणी अजूनही मुख्यतः सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या धुरावरच आधारलेली आहे. तिला केवळ मागासलेली म्हणणे योग्य ठरणार नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील फसवणूक उघड झाली, तेव्हा धूर मर्यादेच्या कित्येक पट असूनही दिवा विझलेलाच होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी रस्त्यावर चालत्या गाडीचा धूर मोजला, म्हणून तफावत दिसली. मालकाने नोंद पुसू नये यासाठी नियम कडक होत गेले, पण नोंद करणारा संगणकच निर्माता घडवतो, हे त्या नियमांच्या कक्षेबाहेर राहिले होते. भारताने एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादा नव्या गाड्यांना लागू केली, ती याच धड्यानंतरच्या जागतिक वाटचालीचा भाग होय: यंत्राची साक्ष ग्राह्य मानली, तरी ती पडताळण्यासाठी स्वतंत्र मोजमाप लागतेच.