चुलीवरचा इतिहास : आमिश बायका आणि त्यांचा ‘साधा’ स्वयंपाक



आज आपण जरा लांब, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जाऊ. तिथल्या आमिश लोकांच्या घरी डुकराचं मांस कसं रांधतात आणि टिकवतात, त्याचा हा इतिहास आहे. आपल्यात हे मांस खाणाऱ्या आहेत, न खाणाऱ्याही आहेत. खायचं की नाही ते जिचं तिनं ठरवावं. आम्ही विषय निवडला तो त्यामागच्या बायकांच्या कष्टासाठी.

आमिश हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. त्याचं मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. 1525 साली झुरिकमध्ये काही लोक म्हणाले, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नको, कळत्या माणसानं समजून घ्यावा. सरकारला हे खपलं नाही. 1527 साली त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांना नदीत बुडवून मारलं. पुढे 1693 च्या सुमारास याकोब आमान यांच्या मागे गेलेले लोक वेगळे झाले, तेच आमिश. छळामुळे त्यांना गाव सोडून दुसऱ्यांच्या जमिनी कसाव्या लागल्या. विल्यम पेन यांना 1681 साली पेनसिल्व्हेनियाची सनद मिळाली होती आणि तिथे धर्माची मोकळीक होती. म्हणून अठराव्या शतकात ही कुटुंबं जहाजानं तिकडे गेली.

सोबत त्यांची रांधायची रीत गेली. डुक्कर शेतकऱ्याला परवडणारं जनावर. खरकटं, ताकाचं पाणी, पडलेली फळं खाऊन वाढतं, आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं देतं. थंडी कडाक्याची पडली की डुक्कर कापायचे दिवस येत, कारण गारठ्यात मांस नासत नाही. शेजारपाजारची माणसं एकत्र जमत. आज या घरी, उद्या त्या घरी, अगदी आपल्या सावडीसारखं.

मग बायकांचं काम सुरू. मांड्या मीठ लावून धुरावर धरायच्या. आतडी धुऊन, खरवडून त्यांत मसाल्याचं मांस भरायचं. चरबी कढवून डबे भरायचे. ती तळायला, पिठात मोहन घालायला वर्षभर पुरे. तळलेलं मांस मातीच्या बरणीत रचून वर कढवलेली चरबी ओतत, म्हणजे हवा लागत नसे. उरलेल्या चरबीचा साबण होई. हाडं आणि उरलंसुरलं मांस शिजवून त्या पाण्यात पीठ घाटत, थापून गार करत आणि वड्या पाडून तळत. हा पदार्थ म्हणजे स्क्रॅपल. जर्मन मुलखात असाच पदार्थ होता. अमेरिकेत त्यात मक्याचं पीठ आलं. मका तिथल्या मूळ रहिवाशांचं पीक. दोन मुलूख असे एका कढईत आले.

दुसरा पदार्थ श्निट्झ उन क्नेप. वाळवलेल्या सफरचंदाच्या फोडी खारवलेल्या मांसाबरोबर शिजवतात आणि वरून पिठाचे गोळे सोडतात, आपण वरणात फळं सोडतो तसे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी डुकराचं मांस आणि मीठ घालून आंबवलेला कोबी खातात. कोंबडी मागे उकरते, डुक्कर पुढे उकरतं, म्हणून वर्ष पुढे जावं, अशी त्यांची समजूत. हे पदार्थ फक्त आमिशांचे नाहीत, तिथल्या सगळ्याच जर्मन वंशाच्या लोकांचे आहेत.

1858 साली जॉन मेसन यांनी फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचं पेटंट घेतलं. पुढे अशा बरण्या घरोघरी आल्या. आमिश घरांत बाहेरच्या तारेवरची वीज घेत नाहीत, म्हणून तळघरातल्या बरण्या हाच मोठा आधार. इथे एक गोष्ट गटातल्या बायांनी ध्यानात ठेवावी. लोणच्यात आंबटपणा असतो, मांसात नसतो. मांसाची बरणी नुसती उकळून भागत नाही. दाबाच्या खास भांड्यातच ती तापवावी लागते. नाहीतर आत जीवघेणं विष तयार होतं, आणि ते वासावरून कळेलच असं नाही.

एखाद्याचं धान्याचं कोठार जळालं, तर सगळे मिळून ते परत उभारतात आणि बायका शेकडो माणसांचं जेवण रांधतात. आम्ही आमचं आम्ही बघतो, असं ते म्हणत आले, म्हणून 1965 साली स्वतःचा धंदा करणाऱ्या आमिशांना सरकारी पेन्शन योजनेतून सूट मिळाली. त्या स्वावलंबनामागे बायकांची भरलेली तळघरं आहेत.

पण तेवढंच सांगितलं तर इतिहास अर्धा राहील. त्यांच्या मंडळीत सेवक निवडताना बायका नाव सुचवतात, पण स्वतः सेवक होऊ शकत नाहीत. जगायचे नियम सांगणारे पुरुषच. आज तिथली हॉटेलं पर्यटकांना ‘साधं आमिश जेवण’ विकतात. त्या साधेपणात किती हात राबले, ते ताटात दिसत नाही.

आपलंही असंच आहे. पापड-कुरडयांचा हिशेब लिहिताना आपण पीठ, तेल, सरपण मांडतो, आपले तास मांडत नाही. पुढच्या बैठकीत वहीत एक रकाना वाढवा : कोणी किती तास काम केलं. त्याची मजुरी धरा आणि मगच भाव ठरवा. आणि भाव ठरवायला बायाच बसल्या आहेत ना, तेही बघा.