किरणोपचार आणि मुखविकार

डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार साधारणपणे आठवड्यातून 5 दिवस, 6 ते 7 आठवडे देतात. एकूण मात्रा बहुधा 60 ते 70 ग्रे असते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाचे अस्तर लाल होऊन सोलवटते, तोंड येते, आमटीही झोंबते. चव जाते, बुरशीचा संसर्ग होतो. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत जखमा भरतात. कोरड मात्र अनेकदा कायमची राहते. लाळग्रंथी किरणांना फार संवेदनशील असतात. लाळ आटली की भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही आणि हिरडीलगत दात झपाट्याने किडतात. तीव्रतानियंत्रित किरणोपचारात या ग्रंथी बऱ्याच वाचवता येतात.

सर्वांत गंभीर उपद्रव जबड्याच्या हाडाचा. रक्तपुरवठा घटल्याने खालच्या जबड्याचे हाड मृत होऊ शकते. अनेक वर्षांनी काढलेला एखादा दातही त्याला निमित्त ठरतो. म्हणून वाचण्याजोगे नसलेले दात उपचारापूर्वीच, शक्यतो 2 ते 3 आठवडे आधी काढतात. त्यासाठीची दंततपासणी घाईत टाळणे रुग्णाला फार महागात पडते. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचे व्यायाम आणि दातांसाठी रोजचे फ्लोराइड नंतरही चालू ठेवावे लागते. तंबाखू-सुपारीमुळे ज्यांचे तोंड आधीच कमी उघडते, त्यांना जबडा आखडण्याचा त्रास अधिक होतो.