सबर किती वर्षांचा?

नवरा बोटीवर गेला. पत्र नाही, पैसा नाही, जिवंत आहे की नाही तेही ठाऊक नाही. इकडे बायको ना सुहागन, ना बेवा. अशा स्त्रिया आम्ही कोकणच्या मोहल्ल्यांत पाहिल्या आहेत. त्यांना सगळे एकच सांगत, ‘सबर कर.’ किती वर्षे, ते कोणी सांगत नसे.

आपल्या देशात बहुसंख्य मुसलमान हनफी. बेपत्ता नवऱ्याच्या वयाची माणसे हयात नसतील इतका काळ पत्नीने थांबावे, असे जुने हनफी मत. नवरा पोसत नाही, मारतो, म्हणून काझीने निकाह तोडावा, अशीही सोय त्यात नव्हती. पण धर्म सोडला की निकाह तुटतो, असे इंग्रजांची न्यायालये मानत. १९२०-३० च्या दशकांत पंजाबातल्या काही स्त्रियांनी तीच वाट धरली. नवऱ्यापासून सुटण्यासाठी इस्लाम सोडावा लागावा, याची खंत इक्बाल यांनीही आपल्या व्याख्यानांत बोलून दाखवली.

मार्ग काढला तो उलेमांनीच. थानाभवनचे मौलाना अशरफ अली थानवी हे परंपरेचे कट्टर पाईक. पण ‘अल-हीलतुन नाजिझा’ या ग्रंथात त्यांनी मालिकी फिक्हचा आधार घेतला. मालिकी मतानुसार बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत पुरेशी होती. गरज पडली तर दुसऱ्या इमामाचे मत घेता येते, हे त्यांनी शास्त्रानेच दाखवून दिले.

१९३६ साली काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय विधिमंडळात विधेयक मांडले आणि १९३९ मध्ये मुस्लिम विवाह-विच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे खर्च देत नसेल, त्याला सात वर्षे वा अधिक कैद झाली असेल, तो छळ करत असेल, तर पत्नी न्यायालयाकडे निकाह फस्ख करून मागू शकते. केवळ धर्म सोडल्याने मुस्लिम स्त्रीचा निकाह आपोआप तुटणार नाही, असेही त्यात आले. असे खटले मुस्लिम न्यायाधीशानेच चालवावेत, ही उलेमांची मागणी मात्र मान्य झाली नाही.

हा कायदा आजही लागू आहे, आणि तो सर्व मसलकांच्या स्त्रियांसाठी आहे. २०१९ च्या तिहेरी तलाकच्या कायद्यावर आपण घरोघर वाद घातला. पण तो वाद पुरुषाने दिलेल्या तलाकचा होता. स्त्रीला स्वतःहून सुटका मागता येते, हे १९३९ पासून कायद्यात लिहिलेले असताना आपल्या किती मुलींना माहीत आहे? निकाहच्या वेळी मेहरची रक्कम सर्वांसमोर वाचली जाते. हा हक्क कोणी वाचून दाखवत नाही.

शरियतमध्ये बदल शक्यच नाही असे म्हणणाऱ्यांना आणि मौलवी बदलूच देत नाहीत असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हा इतिहास अडचणीचा आहे. म्हणूनच तो विसरला गेला असावा. आम्हाला वाटते, तो आधी आपल्या लेकींना सांगावा. सबर चांगलाच, पण त्याला मुदत असते, हे आपल्या बुजुर्गांनीच ठरवून ठेवले आहे.